सदर बाब आरोग्याशी संबंधित आहे: शेतीच्या विजेची वेळ ठरवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
राज्याच्या ऊर्जा व सार्वजनिक आरोग्य खात्यांचे धोरण ठरवणारे मंत्रिमहोदय आणि अधिकारी यांस,

स.न.वि.वि.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेडेगावच्या कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. माझ्या माहेरी सात एकर वावर आहे, विहीर आहे, पाच हॉर्सपॉवरची मोटर आहे, आणि हा सगळा संसार माझा मोठा भाऊ पाहतो. गावही त्याला दादाच म्हणते. गेल्या मार्चमध्ये दादाला गुदाशयाचा, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागाचा, कर्करोग असल्याचे निदान झाले. त्यानंतर या रब्बीत आमच्या फीडरवरची (गावाच्या शेतीपंपांना वीज पुरवणाऱ्या वाहिनीवरची) वीज पुन्हा एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री अशी आलटून-पालटून मिळू लागली, तेव्हा मी दोन कार्यालयांत एकच निवेदन दिले. शेतकऱ्याला आठवड्याआड रात्रभर जागवणे हा आरोग्याचा प्रश्न आहे आणि त्याचा विचार वेळापत्रक ठरवताना व्हावा, एवढेच त्यात लिहिले होते. एका कार्यालयाचे उत्तर एका ओळीत आले : 'भारनियमन ही तांत्रिक बाब असून सदर बाब आरोग्याशी संबंधित नाही.' दुसऱ्या कार्यालयाने निवेदनाच्या प्रतीवर आवक क्रमांक टाकून दिला. उत्तर अद्याप आलेले नाही. त्या एका ओळीला उत्तर देण्यासाठी हे पत्र मी सर्वांसमोर लिहीत आहे.

कार्यालयात बसून कदाचित दिसत नसेल, म्हणून रात्रीचे ओलित म्हणजे काय ते आधी सांगते. रात्री दहाला थ्री फेज येते. दादा साडेनऊलाच जेवून, पायात गमबूट घालून, कपाळाला पांढऱ्या उजेडाची बॅटरी बांधून आणि हातात काठी घेऊन निघतो. गव्हाच्या एका वाफ्यात पाणी भरले की फावड्याने दांड फोडून ते पुढच्या वाफ्यात वळवायचे, आणि हे दर पंधरा-वीस मिनिटांनी. हरभऱ्यात स्प्रिंकलर असला तर दर तीन तासांनी मोटर बंद करून, चिखलातून पाईप उचलून पुढच्या पट्ट्यात मांडायचे. फ्यूज गेला की डीपीपर्यंत, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपर्यंत, चालत जायचे. रात्री दोनच्या सुमारास धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) बसून ज्वारीची भाकर, ठेचा आणि थर्मासमधला चहा. सकाळी सहाला वीज जाते, म्हणजे आता झोपायची वेळ, असे एखाद्याला वाटेल. पण सात वाजता म्हशीचे दूध काढायचे असते आणि आठला बायामाणसे कापूस वेचायला येतात, त्यांच्यासोबत मालक वावरात असावा लागतो. कारखान्यातल्या रात्रपाळीच्या माणसाला दिवसा निदान झोपायची मुभा असते. आमच्या कास्तकाराला तीही नाही.

दादाला एक सवय आहे. ज्या रात्री ओलिताला गेला त्या तारखेवर तो भिंतीवरच्या कॅलेंडरात पेनाने 'रा' लिहितो. त्याच्या आजारपणात घर आवरताना पेटीत जुनी पाच कॅलेंडरे सापडली आणि मी ते 'रा' मोजले. ६१, ५४, ६६, ५८, ४९. पाच वर्षांत २८८ रात्री. त्याआधीची कॅलेंडरे नाहीत, पण त्याने रात्रीचे ओलित सुरू केले त्याला अठरा वर्षे झाली आहेत.

या रात्रींचा आणि आतड्याच्या कर्करोगाचा काय संबंध, हा तुमचा प्रश्न असेल. तो रास्त आहे आणि त्याचे उत्तर मी माझ्या विषयाच्या आधाराने, माहीत आहे तेवढेच, देते.

१९७१ साली कॅलिफोर्नियात रोनाल्ड कोनोप्का आणि सेमूर बेंझर या दोघांना केळ्यांवर घोंघावणाऱ्या बारक्या फळमाशीत असे एक जनुक सापडले, की ते बिघडले तर माशीचा दिवस चोवीस तासांऐवजी कधी एकोणीस, तर कधी अठ्ठावीस तासांचा होत असे, आणि कधी तिला दिवस-रात्रीचे भानच राहत नसे. त्या जनुकाला 'पिरियड' असे नाव मिळाले. ते नेमके कसे काम करते हे उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकल रॉसबॅश आणि मायकल यंग यांना २०१७ चे वैद्यकाचे नोबेल मिळाले. हीच यंत्रणा थोड्या फरकाने तुमच्या-माझ्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत आहे. 'क्लॉक' आणि 'बीमॅल-१' ही दोन प्रथिने मिळून 'पिरियड' आणि 'क्रिप्टोक्रोम' या जनुकांना कामाला लावतात. त्यांच्यापासून बनलेली प्रथिने हळूहळू साठतात, पेशीच्या केंद्रकात जातात आणि ज्यांनी आपल्याला सुरू केले त्या दोघांनाच थांबवतात. मग ती साठलेली प्रथिने मोडत जातात, थांबलेले पुन्हा सुरू होतात, आणि या एका फेऱ्याला सुमारे चोवीस तास लागतात. मी मुलांना हे विहिरीवरच्या जुन्या रहाटाचे उदाहरण देऊन शिकवते : भरलेली मडकी वर येतात, रिकामी होतात, आणि रिकामी झाली म्हणूनच पुन्हा खाली जातात.

शरीरभर पसरलेल्या या घड्याळांची वेळ जुळवणारे मुख्य घड्याळ मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात त्याच्या किंचित वर असते. तो सुमारे २० हजार पेशींचा बारीकसा पुंजका आहे आणि त्याला वेळ कळते ती डोळ्यांतून येणाऱ्या उजेडाने, त्यातही निळसर उजेडाने अधिक. दादाच्या कपाळावरच्या पांढऱ्या एलईडीच्या झोतात हा निळा अंश भरपूर असतो. आतड्याचे आणि यकृताचे घड्याळ मात्र उजेडापेक्षा जेवणाची वेळ पाहून चालते. उंदरांना त्यांच्या झोपेच्या वेळीच खायला दिले तर मेंदूचे घड्याळ जागच्या जागी राहते आणि यकृताचे घड्याळ उलट फिरते, हे २००० साली दिसून आले. म्हणजे धुऱ्यावर रात्री दोनला खाल्लेली भाकर आतड्याला 'दिवस उगवला' असे सांगते आणि बॅटरीचा झोत सोडला तर भोवतालचा अंधार मेंदूला 'रात्र आहे' असे सांगतो. पुढच्या आठवड्यात वीज दिवसा आली की हे सगळे पुन्हा उलटे. एकाच शरीरातली घड्याळे वेगवेगळी वेळ दाखवत राहतात आणि ती जुळू लागतात तोवर फीडरचे चक्र पुन्हा फिरलेले असते.

आता आतड्याकडे येते, कारण या पत्राचे मूळ तिथे आहे. आतड्याचे आतले अस्तर दर तीन ते पाच दिवसांनी नवे होते. शरीरात इतक्या वेगाने पेशी विभागणाऱ्या जागा फार थोड्या आहेत. अस्तरातल्या बारीक खळग्यांच्या तळाशी मूळ पेशी असतात. त्या विभागतात, नव्या पेशी वर सरकतात, जुन्या झडून जातात. पेशीने कधी विभागावे, विभागण्याआधी गुणसूत्रांतली मोडतोड दुरुस्त झाली की नाही हे पाहण्यासाठी केव्हा थांबावे, यावर 'वी-१', 'मिक' यांसारख्या जनुकांमार्फत हे घड्याळ नियंत्रण ठेवते. इतक्या घाईच्या ठिकाणी घड्याळच बिघडले तर काय होईल, हा प्रश्न शास्त्रज्ञांना पडणे साहजिक होते.

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या सुमारे ८० टक्के गाठींमध्ये 'एपीसी' नावाचे जनुक निकामी झालेले असते. हे जनुक म्हणजे पेशीच्या वाढीवरचा लगाम. प्रत्येक पेशीत त्याच्या दोन प्रती असतात. एक गेली तरी दुसरी सांभाळून घेते, दोन्ही गेल्या की गाठीची सुरुवात होते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, ज्या उंदरांची एपीसीची एक प्रत जन्मतःच खराब होती, त्यांचे पिरियड-२ हे घड्याळ जनुकही बिघडलेले असले तर त्यांच्या आतड्यात कोंब (पॉलिप, म्हणजे पुढे कर्करोगात बदलू शकणाऱ्या गाठी) अधिक उगवले. २०२२ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या आयर्व्हाइन येथील संशोधकांनी आणखी पुढचे पाऊल टाकले. एपीसीची एक प्रत खराब असलेल्याच उंदरांपैकी काहींच्या आतड्यातले बीमॅल-१ त्यांनी काढून टाकले, तर काहींचे एकही घड्याळ जनुक न बिघडवता फक्त त्यांच्या उजेड-अंधाराच्या वेळा वारंवार बदलल्या. दोन्हींचा परिणाम एकच झाला, कर्करोगाची वाढ वेगाने झाली. घड्याळ बिघडल्याने एपीसीची उरलेली चांगली प्रतही पेशी गमावतात, हे त्यांनी आतड्याच्या पेशींच्या नमुन्यांवर दाखवले. माणसांच्या गाठींतही पिरियड कुळातली जनुके शेजारच्या निरोगी अस्तराच्या मानाने मंदावलेली असल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे. या प्रयोगांतली जी गोष्ट मला झोपू देत नाही ती ही, की घड्याळाच्या जनुकाला हात न लावता नुसत्या वेळा फिरवल्या तरी रोगाचा वेग वाढायला ते पुरेसे ठरले. वेळा फिरवणे हेच तर तुमचे वेळापत्रक करते.

उंदरांवरून माणसाचा निष्कर्ष काढू नये, हे मी मुलांना शिकवते, म्हणून माणसांचा पुरावाही मांडते. अमेरिकेत परिचारिकांच्या आरोग्याचा एक दीर्घ अभ्यास चालू आहे. त्यातल्या ७८,५८६ स्त्रियांच्या १९८८ ते १९९८ या काळातल्या नोंदींवर आधारलेला निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाला : महिन्यातून किमान तीन रात्री, अशा रात्रपाळ्या १५ वर्षे किंवा त्याहून अधिक केलेल्या परिचारिकांमध्ये मोठ्या आतड्याच्या व गुदाशयाच्या कर्करोगाचा धोका, रात्रपाळी कधीच न केलेल्यांपेक्षा सुमारे ३५ टक्क्यांनी अधिक होता. २०१८ मध्ये अधिक काळाच्या नोंदी घेऊन हाच प्रश्न पुन्हा तपासला, तेव्हा एकूण मोठ्या आतड्याबाबतचे नाते तितके ठळक उरले नाही. मात्र १५ वर्षांहून अधिक काळ फिरत्या रात्रपाळ्या केलेल्यांमध्ये गुदाशयाच्या कर्करोगाशी असलेले नाते दिसलेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या फ्रान्समधील कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये शरीराची लय मोडणाऱ्या पाळीच्या कामाला आणि २०१९ मध्ये फेरविचार करून रात्रपाळीच्या कामाला 'माणसात बहुधा कर्करोगकारक' या २-ए गटात ठेवले. 'बहुधा' हा शब्द मी वगळत नाही, कारण माणसांवरचा पुरावा अजून मर्यादित आहे असे ती संस्थाच म्हणते.

महिन्याला तीन रात्री म्हणजे वर्षाला ३६. दादाच्या कॅलेंडरात एकाही वर्षी ४९ पेक्षा कमी 'रा' नाहीत.

मी असे म्हणत नाही, की रात्रीच्या विजेने माझ्या भावाला हा रोग दिला. एका माणसाच्या गाठीकडे बोट दाखवून तिचे कारण सांगता येत नाही. त्याच्या पोटाला वेळेवर जेवण नव्हते, त्याला खर्र्याची (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाची) सवय होती, आमच्या आजोबांचा मृत्यू कशाने झाला हे घरात कोणाला धड माहीत नाही. हे सगळे मी लपवत नाही. माझे म्हणणे इतकेच आहे, की ज्या गोष्टीला जगातली जबाबदार संस्था बहुधा कर्करोगकारक मानते, ती गोष्ट तुम्ही लाखो कुटुंबांना वेळापत्रक छापून वाटता आणि 'तिचा आरोग्याशी संबंध नाही' असे लेखी देता, हे मला मान्य नाही.

माझी पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार हीच. दिवसा वीज द्या, ही मागणी विदर्भातले कास्तकार वर्षानुवर्षे करत आले आहेत, पण ती आजवर सापाच्या, विंचवाच्या, रानडुकराच्या आणि चंद्रपूरकडे तर वाघाच्या भीतीने केली गेली. ती भीती खरी आहे. आमच्याच गावात ओलिताला गेलेल्या एका तरुणाला घोणस डसली आणि तो दवाखान्यात पोचला नाही. पण साप ज्यांना डसत नाही त्यांचेही रात्री काही ना काही बिघडत असते, आणि ते बिघडलेले दहा-पंधरा वर्षांनी उघडकीस येते, तेव्हा त्याचा हिशेब कोणी विजेच्या वेळापत्रकाशी जुळवत नाही. कारखान्यात रात्रपाळी लावायची तर तिचे नियम असतात, पाळी बदलण्याची रीत असते, हजेरीपट असतो. शेतकऱ्याच्या रात्रपाळीचा हजेरीपट कोणाकडेच नाही. आमच्या घरी तो होता, कारण दादा कॅलेंडरावर लिहीत होता.

त्यात भर म्हणजे वेळापत्रकाचे ऐनवेळी बदलणे. रात्रीच्या आठवड्याच्या मधेच कधी लाईनमनचा निरोप व्हॉट्सअॅपवर येतो, की आज दहाऐवजी बाराला वीज येईल. माणूस झोपतो, उठतो, जाऊन बसतो, व्होल्टेज नसते म्हणून मोटर उचलत नाही, परत येतो. हीच गत हंगामात जिनिंगमध्ये रात्रपाळी करणाऱ्या मजुरांची आहे, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या परिचारिकांचीही. पण त्यांच्याविषयी त्यांनी स्वतः लिहावे, म्हणून मी इथे थांबते.

दुसरी तक्रार आरोग्य खात्याकडे आहे. दादाला पहिल्यांदा शौचातून रक्त गेले ते निदानाच्या चौदा महिने आधी. त्याने ते वहिनीलाही सांगितले नाही. मग बाजाराच्या गावी मूळव्याधीवर इलाज करणाऱ्याकडे गेला. तिथे न तपासता पुड्या मिळाल्या. रक्त कमी-जास्त होत राहिले, शौचाच्या वेळा बिघडल्या, थकवा येऊ लागला, आणि दर वेळी सगळ्यांनी एकच कारण सांगितले : जागरण आणि उष्णता. तालुक्याच्या एका खाजगी दवाखान्यात रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या, पण पन्नाशीतल्या पुरुषाच्या अंगातले रक्त जाते कुठे, हा प्रश्न कोणी विचारला नाही. बोटाने तपासले असते तरी ती गाठ हाताला लागली असती, असे नंतर नागपुरात शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी आम्हाला सांगितले. चौदा महिने. एवढ्या अवधीत उभा गहू निघतो, पुन्हा पेरला जातो आणि पुन्हा निघतो.

या चौदा महिन्यांत आरोग्य यंत्रणा आमच्या दारापर्यंत आली नाही असे नाही. आशाताई आली होती. तिच्याजवळच्या तपासणीच्या फॉर्ममध्ये वय, तंबाखू, कमरेचा घेर, बीपी, साखर हे सगळे होते. असंसर्गजन्य आजारांच्या तपासणी मोहिमेत कर्करोगांपैकी तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा असे तीनच येतात. तिने दादाचे तोंड उघडून पाहिले, खर्र्यावरून त्याला रागावली आणि पुढच्या घरी गेली. तिची चूक नाही. तिला जे विचारायला सांगितले ते तिने विचारले. हे तीन कर्करोग आपल्याकडे जास्त आढळतात आणि मोठ्या आतड्याचा पाश्चात्त्य देशांच्या मानाने कमी, म्हणून ही निवड झाली, हे मला समजते. पण जगात २०२२ या एका वर्षात या रोगाचे १९ लाखांहून अधिक नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९ लाख माणसे त्याने दगावली. कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंत त्याचा क्रमांक दुसरा आहे. शिवाय हा रोग लवकर ओळखता येण्याजोगा आहे. कोंबाचा कर्करोग व्हायला बहुधा वर्षे लागतात, आणि शौचातले डोळ्यांना न दिसणारे रक्त ओळखणारी चाचणी चमचाभर नमुन्यावर होते. 'शौचातून रक्त जाते का' आणि 'वर्षातून किती रात्री ओलिताला जाता', असे दोन प्रश्न त्या फॉर्ममध्ये असते तर पहिल्या प्रश्नावर दादा कदाचित गप्प बसला असता. दुसऱ्यावर त्याने कॅलेंडर काढून दाखवले असते, आणि बोलणे सुरू झाले असते.

तिसरी तक्रार लहान वाटेल, पण ती मी डोळ्यांनी पाहिलेली आहे. दादाला आधी रेडिएशन, मग शस्त्रक्रिया, आणि मग दर पंधरवड्याला केमो दिली गेली. गुदाशय काढल्यामुळे त्याच्या पोटावर आता कायमची पिशवी आहे. केमोच्या वेळी एक औषध पंपाने सलग ४६ तास चालते. त्या दोन रात्री वॉर्डातल्या सगळ्या ट्यूबलाईट डोक्यावर जळत असत, ट्रॉल्यांचा खडखडाट चाले, आणि रात्री बाराला कोणाचे तरी नाव मोठ्याने पुकारले जाई. तिथे पोचण्यासाठी आम्ही गावातून पहाटे साडेतीनला निघत होतो. आतड्याच्या कर्करोगात औषधाची वेळही महत्त्वाची असावी, या विचाराने फ्रान्सच्या फ्रान्सिस लेव्ही यांच्या गटाने १९९७ मध्ये १८६ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष मांडले होते. औषधे शरीराच्या लयीप्रमाणे ठराविक वेळी चढत्या-उतरत्या प्रमाणात दिली तेव्हा तोंड गंभीरपणे सोलवटण्याचे प्रमाण ७६ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर आले आणि गाठी आकसण्याचे प्रमाण २९ वरून ५१ टक्क्यांवर गेले. मात्र २००६ मध्ये ५६४ रुग्णांवरच्या मोठ्या चाचणीत एकूण आयुर्मान वाढले नाही. पुरुषांना लाभ दिसला, स्त्रियांना उलट तोटा. म्हणून केमोची वेळ बदला, अशी माझी मागणी मुळीच नाही. तो तज्ज्ञांचा प्रांत आहे. पण ज्या रुग्णांची दिवसा हिंडण्या-फिरण्याची आणि रात्री विसाव्याची लय टिकून असते ते अधिक काळ जगतात, असेही याच रोगात दिसले आहे. मग वॉर्डातले दिवे रात्री मंद करायला कोणत्या चाचणीची वाट पाहायची?

आता मागण्या.

शेतीपंपांना दिवसा वीज द्या. सौर कृषी वाहिनीची योजना २०१७ पासून आहे, तिचा दुसरा टप्पा २०२३ मध्ये आला, आणि ज्या गावांत ती पोचली तिथली माणसे रात्री घरी झोपतात, हे मी पाहुण्यांच्या गावी पाहिले आहे. म्हणजे हे होऊ शकते. माझी मागणी अशी, की कोणते फीडर आधी घ्यायचे याचा क्रम लावताना जागेची उपलब्धता आणि विजेचा भार यांच्याबरोबर त्या फीडरवरच्या शेतकऱ्यांनी किती वर्षे रात्रीचे ओलित केले, हाही निकष धरावा, आणि तालुकानिहाय यादी तारखांसह ग्रामपंचायतीत लावावी. तोवर जिथे रात्रीची वीज टळत नाही तिथे निदान मध्यरात्री बारा ते पहाटे पाच हे तास वगळावेत. संध्याकाळी सहा ते दहा आणि पहाटे पाच ते नऊ असे दोन भाग केले तरी आमचे ओलित होईल. दोन खेपा माराव्या लागतील, त्या आम्ही मारू. आणि एकदा छापलेले वेळापत्रक हंगामात बदलू नये. बदलायचेच झाल्यास तीन दिवस आधी लेखी कळवावे.

आरोग्य खात्याने आशाताईच्या फॉर्ममध्ये ते दोन प्रश्न घालावेत. पंचेचाळीस वर्षांवरच्या स्त्री-पुरुषांसाठी शौचातल्या रक्ताची चाचणी उपकेंद्रात मिळावी, आणि तिच्यात रक्त आढळले तर कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी) कुठे, किती दिवसांत आणि कोणत्या योजनेतून होईल हे त्याच चिठ्ठीवर लिहून द्यावे; नाहीतर माणूस पुन्हा मूळव्याधीच्या पुड्यांकडेच जाईल. विदर्भातल्या वैद्यकीय महाविद्यालयांना रात्रीच्या ओलिताचा आणि आरोग्याचा अभ्यास करण्यासाठी पैसे आणि परवानगी द्यावी. त्यासाठी वीज कोणत्या फीडरवर कोणत्या तारखांना रात्री दिली, याच्या नोंदी वितरण यंत्रणेकडे आहेतच. त्या मोकळ्या कराव्यात. परिचारिकांच्या रात्री मोजायला अमेरिकेतल्या संशोधकांना प्रश्नावल्या पाठवाव्या लागल्या. आमच्या रात्री तुमच्याच दप्तरात लिहिलेल्या आहेत. आणि सरकारी खर्चाने उपचार देणाऱ्या प्रत्येक कर्करोग रुग्णालयात रात्री दहा ते पहाटे पाच वॉर्डातले दिवे मंद असावेत आणि बाहेरगावच्या रुग्णाला आदल्या रात्री मुक्कामाची जागा मिळावी.

दादा आता वावरात जाऊन बसतो, पण फावडे उचलत नाही. नोव्हेंबरपासून ओलिताला माझा भाचा जातो. तो सव्वीस वर्षांचा आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरात त्याच्या हाताने लिहिलेले 'रा' आजच्या तारखेपर्यंत सव्वीसच्या वर गेले आहेत.

या पत्राची प्रत मी पुन्हा दोन्ही कार्यालयांत आवक-जावकला देत आहे. उत्तर लेखी यावे आणि त्यावर जबाबदार अधिकाऱ्याचे नाव व सही असावी. ते जे काही असेल, १ मेच्या ग्रामसभेत मी ते वाचून दाखवणार आहे.

आपली,
जीवशास्त्राची एक शिक्षिका
यवतमाळ जिल्हा